गुरुवारी टाकी उतरली

सकाळी ६.४५

वारज्याच्या मजूर नाक्यावर अजून पुरतं उजाडलेलं नाही. फेब्रुवारीचा गारवा आहे. तरी माणसं जमलीत. कुणाच्या हातात डब्याची पिशवी, कुणाच्या खांद्यावर फावडं. गवंडी एका बाजूला, बिगारी दुसऱ्या बाजूला, रंगारी चहाच्या टपरीशी. ठेकेदारानं मोटारसायकल स्टँडला लावायच्या आत पाच-सहा जण भोवती.

“काय काम हाय, शेठ?”

“टाकी उतरवायचीय. लोखंडी. कर्वेनगरला. तीन मजले, वर गच्ची. लिफ्ट नाही.”

‘लिफ्ट नाही’ ऐकल्यावर दोघं मागं सरकले. राहिलेल्यांनी हजार मागितले.

“नऊशे. नाश्ता, जेवण, दोन टायमाचा चहा माझा. माल डोक्यावरून उतरवायचा. फेकाफेकी नाही.”

पन्नाशीचे एक मामा तयार झाले. दुसरा एक तरुण, परभणीकडचा. त्याची बायको शेजारीच उभी. “आमी दोघं येतो,” तो म्हणाला. “एकट्याला न्यायचं नाही.” बाईमाणसाला सहाशे, हा नाक्याचा भाव. तिनं भावावरून घासाघीस केली नाही. एवढंच विचारलं, “सुट्टी कवा हुईल? पोरगी शेजारनीकडं ठिवलीय.”

“सहाला,” ठेकेदार म्हणाला.

सकाळी ७.३०

कर्वेनगरमधली आमची इमारत चाळीसेक वर्षांची. तेव्हाच्या हिंगणे बुद्रुकच्या शेतांवर प्लॉट पडत होते त्या काळातली. बारा फ्लॅट. गच्चीवरची टाकीही इमारतीइतकीच जुनी. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच. पाणी साडेचार हजार लिटर. गेली काही वर्षं तळातून पाझर होता. दर पावसाळ्याआधी कुणीतरी एम-सीलचा थर लावायचा, पुढच्या उन्हाळ्यात तो सुटायचा. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा पडला, तेव्हा ठराव झाला. जुनी टाकी काढायची आणि तीन-तीन हजार लिटरच्या दोन प्लॅस्टिकच्या बसवायच्या.

गुरुवार मुद्दाम धरला. देखभाल-दुरुस्तीसाठी महापालिकेनं आज पाणी बंद ठेवलंय. नळाला तसंही पाणी नाही, म्हणजे टाकी नसण्याचा त्रास एका दिवसानं कमी. प्लंबरनं बुधवारी संध्याकाळी जोडण्या सोडून एक हजार लिटरची तात्पुरती टाकी जोडून दिली. जुनीचं झाकण रात्रभर उघडं ठेवलं, तेही ठेकेदाराच्या सांगण्यावरून.

छोटा हत्ती टेम्पो फाटकाशी लागला. मागं काळा ऑक्सिजनचा सिलिंडर, त्याच्या शेजारी दुसरा, आणि एक निळा, हॉटेलात असतो तसा एकोणीस किलोचा. घरगुती लाल सिलिंडर कटिंगला लावणं बेकायदा आहे. पुष्कळ जण लावतात. यानं लावला नाही. व्यापारी सिलिंडर महाग पडतो, तरी.

सकाळी ८.००

ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर साठ किलोच्या आसपास. पायऱ्या बहात्तर. हा आकडा मला ठेकेदारानं सांगितला, पहिल्याच भेटीत त्यानं मोजल्या होत्या.

मामा वर, परभणीवाला खाली. सिलिंडरला दोन ठिकाणी दोराचा फास. वरच्या तोंडावर लोखंडी टोपी घट्ट फिरवलेली, कारण तिच्या आत वॉल असतो आणि सिलिंडर पडून तो वॉल तुटला तर दीडशे किलोच्या दाबानं सिलिंडर कुठंही घुसतो. दर लँडिंगला थांबायचं. खाली पोतं अंथरायचं, त्यावर टेकवायचा. शहाबादी पायऱ्यांच्या कडा फुटू नयेत म्हणून पोत्याचे तुकडे आधीच टाकलेत. दुसऱ्या मजल्यावर मामांनी हात बदलला. बोलायचं कुणी नाही. फक्त “हां”, “उचल”, “टेक”.

मावशी, म्हणजे परभणीवाल्याची बायको, मागून होज पाइपची गुंडाळी, पाना, छिन्नी, घण घेऊन. तिला मावशी म्हणावं असं तिचं वय नाही, पण सोसायटीत कामाला आलेल्या बाईला पहिल्या हाकेत मावशीच होतं. दुसरा सिलिंडर वर पोचला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मामा गच्चीच्या कठड्याला टेकून बसले. पाणी प्यायले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ऊन अजून कोवळं होतं.

सकाळी ८.४५

कटरवाला आला. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, बूट. टेरिकॉटचा कपडा या कामाला चालत नाही, ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. त्याची मजुरी अठराशे. कापायची टॉर्च त्याची स्वतःची, दुसऱ्याच्या हातात देत नाही.

जोडणी सुरू झाली. ऑक्सिजनला निळा पाइप, गॅसला लाल. ऑक्सिजनचे आटे उजवे, गॅसचे डावे. म्हणजे घाईत, अंधारात किंवा नवख्या माणसाकडूनही उलटसुलट जोडणी होत नाही. रेग्युलेटर लावायच्या आधी कटरवाल्यानं हात फडक्याला पुसले आणि मामांना लांब केलं. मामांच्या हाताला डोक्याचं तेल होतं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं तर ते आपोआप पेटू शकतं. मग सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिले. बुडबुडा नाही. सिलिंडरचा काटा एकशे चाळीसवर.

“दीडशे पाहिजे होता,” ठेकेदार म्हणाला. “साडेचारशे घेतात आणि दहा कमी देतात.”

तो स्वतः आधी भोसरीच्या कारखान्यात कटिंगच करत होता. मग पाठ गेली आणि ठेकेदारी धरली.

हा माणूस कसा निवडला ते सांगायला हवं. तीन जण बघून गेले. पहिल्यानं बारा हजार मजुरी मागितली, वर भंगार त्याचं. दुसऱ्यानं उलट सोसायटीलाच चार हजार देऊ केले. अर्ध्या दिवसात काम. कसं करणार विचारलं तर म्हणाला, “दोन तुकडे करू आणि मागच्या बाजूला खाली सोडून देऊ.” चार हजार ऐकून कमिटीतल्या निम्म्या लोकांचे चेहरे खुलले. मागच्या बाजूला तळमजल्याच्या आजींची तुळस आहे, दोन स्कूटर आहेत, आणि शेजारच्या इमारतीची पोरं तिथं क्रिकेट खेळतात.

तिसरा हा. यानं भाव शेवटी सांगितला. आधी प्रश्न विचारले. टाकीच्या बरोबर खाली कोण राहतं? त्यांच्या घरात आजारी कुणी आहे का? आतून डांबर मारलंय का? शेजारच्या गच्चीवरचा सोलर कुणाचा? बाई कामाला आली तर तिनं संडासला कुठं जायचं? मग हातोडीनं टाकी चारही बाजूंनी वाजवली, कान लावून. “पाचशेच्या पुढं, सहाशेच्या आत,” म्हणाला. आमच्यातले निवृत्त इंजिनिअर काका कागद घेऊन बसलेच होते. सहा बाजू मिळून १८४ चौरस फूट. पाच मिलिमीटरचा पत्रा फुटाला साडेतीन किलोच्या थोडा वर. नवी असताना ६७० किलो. गंजानं किती खाल्लं ते वजा. दोघांचा हिशेब जवळपास जुळला.

“भंगार माझं, मजुरी माझी. तुम्ही मला काही द्यायचं नाही, मी तुम्हाला काही देणार नाही.”

चार हजार सोडून याला काम द्यावं यासाठी मी त्या बैठकीत बराच वेळ बोललो. आजही तेच बोलेन.

सकाळी ९.३०

कापायच्या रेघा खडूच्या सुतळीनं मारून झाल्या. दोन फूट बाय चार फुटांचे तुकडे, म्हणजे एका माणसाच्या डोक्याला झेपतील असे. प्रत्येक रेघेवरचा रंग मामा छिन्नीनं खरवडताहेत. रंग राहिला तर धूर जास्त होतो. आणि जुन्या लाल रंगात शिसं असू शकतं, म्हणून ठेकेदारानं त्यांना तोंडाला ओलं फडकं बांधायला लावलं. मामांना ते नको होतं. “गुदमरतंय.” “गुदमरू दे. काढायचं नाही.”

परभणीवाल्यानं शेजारच्या सोलरवर ओली पोती टाकली, त्यावर पत्र्याचा तुकडा उभा केला. गच्चीच्या चायना मोझॅकवर वाळू पसरली. तिन्ही मजल्यांवर निरोप गेला की दोऱ्यांवरचे कपडे काढा, खिडक्या लावा.

कटरवाल्यानं गॅस थोडा सोडला, लायटर टिचकला. पिवळी, काजळी ओकणारी ज्योत. मग ऑक्सिजनची चावी फिरवली. ज्योत आखडली, निळी झाली, फुसफुसायला लागली. तिचं टोक त्यानं वरच्या पत्र्याच्या कडेवर धरलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग एक ठिपका लाल झाला, लालाचा केशरी. तेवढ्यात त्यानं टॉर्चचा खटका दाबला. ऑक्सिजनचा झोत आरपार गेला आणि खालून ठिणग्यांचा फवारा आत सांडला.

“लोक म्हणतात गॅसनं कापतो,” ठेकेदार माझ्याजवळ येऊन म्हणाला. “गॅस फक्त तापवतो. लोखंड जळतं ते ऑक्सिजननं.”

हात घाईचा असला तर रेघ तुटते, हात सुस्त असला तर पत्रा मागं पुन्हा जुळतो. कटरवाल्याचा हात एका चालीनं सरकतो. डावा हात टाकीवर टेकवलेला, उजवा त्यावर घसरत जाणारा. वीतभर कापलं की थांबून नोझल बघतो, बारीक तारेनं छिद्र साफ करतो. चार फुटांची एक रेघ कापायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही. नजर हटवता येत नव्हती.

सकाळी ११.००

वरचा पत्रा निघाला. चहा आला, दहा रुपयाचा कप. सोबत पोहे.

टाकी पहिल्यांदाच आतून पूर्ण दिसली. पाण्याच्या रेघेपर्यंत डांबराचा काळा थर, ठीक होता. त्याच्या वर, जिथं पाणी पोचत नाही पण वाफ पोचते, तिथं छताच्या आतल्या अंगाला गंजाचे पापुद्रे, खारी बिस्किटासारखे. मामांनी बोट लावलं तर ओंजळभर खाली पडले. इतकी वर्षं हे आमच्या पाण्यात पडत होतं. तळाशी गाळ, आणि गाळावर दोन इंच पाणी. बाहेर जायचा पाइप तळापासून दोन इंच वर बसवलेला असतो, त्यामुळं तेवढं पाणी कधीच निघत नाही. कुणी तरी म्हणालं, ओतून द्या. ठेकेदार नको म्हणाला. दोनशे लिटरच्या आसपास ते पाणी त्यानं दोन पिंपांत भरून घेतलं. आज पाणी बंद आहे, आणि तापलेले पत्रे थंड करायला पाणी लागणारच.

गाळ काढायला परभणीवाला आत उतरायला निघाला. ठेकेदारानं त्याला दंडाला धरून थांबवलं. आधी विचारलं, “डोकं जड वाटतंय का वाकल्यावर?” आता वरचा पत्राच नव्हता, हवा खेळत होती. तरी त्याची सवय होती ती. बंद लोखंडी टाकी गंजताना आतल्या हवेतला ऑक्सिजन खाते. झाकण उघडून माणूस लगेच उतरला तर चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. रात्रभर झाकण उघडं ठेवलं होतं ते यासाठी.

दुपारी १२.१५

डांबराचा थर जळायला लागला तसा धूर वाढला. काळा, जड, घशात बसणारा. शेजारच्या इमारतीतून एक गृहस्थ गच्चीवर आले आणि ओरडले, “आमच्या घरात म्हातारी माणसं आहेत!” ठेकेदारानं हात जोडले. कटरवाल्याला थांबवलं. वाऱ्याची दिशा बघितली आणि त्या बाजूच्या पत्र्याचं काम संध्याकाळवर ढकललं. आधी पश्चिमेची बाजू. मावशी आणि मामा आतून डांबर खरवडायला बसले. जादा कष्ट, जादा वेळ. त्याचे पैसे वेगळे नाहीत.

खाली कचरा न्यायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताई आल्या होत्या. प्लंबरनं काढून ठेवलेले पीव्हीसीचे तुकडे आणि फुटका फ्लोट बघून त्यांनी विचारलं, “हे कुणी घेणारं आहे का?” ठेकेदार वरूनच म्हणाला, “न्या ताई.” चारेक किलो भरलं असेल. त्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ सालची. नावात पत्रा आहे, पण पत्र्यावर हक्क सांगायला त्या वर आल्या नाहीत. “तो तुमचा,” म्हणाल्या आणि ढकलगाडी पुढं नेली. पितळेचे दोन वॉल प्लंबरनं कालच उचलले होते. पितळेचा भाव लोखंडाच्या दहापटीहून जास्त, ते कुणी मागं ठेवत नाही.

दुपारी १.१५

जेवण. पोळी-भाजीचं पार्सल, साठ रुपयांचं एक. पाच जणांना पाच. वर वीस रुपयांचा गूळ. धुरात काम केल्यावर गूळ खायचा, ही कामगारांतली जुनी रीत. जिन्याच्या खोलीच्या सावलीत सगळे बसले. संडासला मावशीला तळमजल्यावर वॉचमनच्या खोलीशेजारचा दाखवला होता. ती एकदा जाऊन आली, म्हणजे बहात्तर खाली, बहात्तर वर.

दक्षिणेला सिंहगडाचा टॉवर दिसत होता. जवळ झाडांचा मोठा पट्टा. कटरवाल्यानं विचारलं, “ती झाडी कुणाची?” इंजिनिअर काकांनी सांगितलं, महर्षी कर्व्यांची संस्था. १९०० साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम पुण्याहून इथं हिंगण्याच्या माळावर आणला. शहरापासून चालत यायचे. पाण्याची सोय नव्हती की रस्ता नव्हता. “मग पाणी?” परभणीवाल्यानं लगेच विचारलं. “विहीर,” काका म्हणाले.

काकांचा मुलगा न्यू जर्सीत आहे. गेल्या वर्षी त्यानं जुनं घर घेतलं. तिकडं जुनी घरं तेल जाळून गरम ठेवायची, त्यासाठी अंगणात लोखंडी टाकी पुरलेली असायची. घर घेण्याआधी माणूस यंत्र घेऊन अंगणभर फिरला, पुरलेली टाकी आहे का ते शोधत. सापडली. मग परवान्याचा ठेकेदार, नगरपालिकेची परवानगी, टाकी काढल्यावर खड्डा बुजवायच्या आधी तपासनीस येऊन माती बघून गेला. तेल झिरपलं असतं तर माती उपसून न्यायचा खर्च टाकीच्या कैकपट. ठेकेदार हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता.

“आणि भंगार कुणाचं?” त्यानं विचारलं.

काकांना ते माहीत नव्हतं. त्यांनी तिथंच मुलाला मेसेज टाकला.

जेवताना मामांनी बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड काढून दाखवलं. मुदत संपलेली. नोंदणी करायला किंवा टिकवायला वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. “नाक्यावरच्या माणसाला दाखला कोण देणार? रोज शेठ वेगळा. पयल्या बारीला पेटी मिळाली, भांडी मिळाली. आता काय नाय.” ठेकेदार पोळीचा तुकडा मोडत गप्प बसला. मामा त्याच्याकडं महिन्यातून चार-पाचदा येतात. नव्वद होत नाहीत.

दुपारी २.००

ऊन तापलं. आता उतरवणं.

कापलेल्या पत्र्याच्या कडा गरम असतात आणि धारदारही. आधी पिंपातलं पाणी ओतायचं, चर्र होतं. मग मामा घणानं कडेची कुसळं ठोकून बसवतात. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोत्याचा तुकडा, त्यावर पत्रा. पंचवीस किलोच्या आसपास एक. हातात हातमोजे, हे ठेकेदारानं नवे आणले होते, चार जोड्या. परभणीवाला आणि मावशी पाळीपाळीनं. तो खाली जातो तेव्हा ती वर येते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोघं एकमेकांना ओलांडतात. पत्रा रुंद, जिना अरुंद, भिंतीचा रंग खरवडू नये म्हणून वळणावर आडवं होऊन उतरावं लागतं. मान ताठ, पाऊल चाचपत. पायरी दिसत नाही, पायालाच कळावी लागते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडं ठेवलं होतं. मावशी रिकामी वर येताना काकू म्हणाल्या, “अगं, थांब जरा. पाणी पी.” माठातलं. पाणी बंदच्या दिवशी माठ जपून वापरतात. मावशी दोन ग्लास प्यायली, “येते बाई,” म्हणाली आणि चढली.

ही सगळी मेहनत वाचली असती, पत्रे गच्चीवरून खाली टाकले असते तर. तासाभराचं काम. चार हजारवाल्याचा हिशेब त्यावरच होता.

दुपारी ३.४०

पहिला ऑक्सिजन संपला. ज्योत फडफडली, कटरवाल्यानं चावी बंद केली. दुसरा लावला. याचा काटा बरोबर दीडशेवर. ठेकेदार पहिल्यांदाच हसला.

मधल्या वेळात दुसरा चहा.

दुपारी ४.३०

वारा पडला. पूर्वेची बाजू कापून झाली. राहिला तळ.

तळ सगळ्यात वाईट. तो विटांच्या तीन ओट्यांवर बसलेला. चार दशकं ओल धरून. खडूची रेघ मारायला गेलं तर पत्रा सुतळीखाली वाकत होता. काही ठिकाणी टॉर्चची गरजच पडली नाही, पहारीनं उचकटला. दहा रुपयांच्या नाण्याएवढं एक भोक, त्यावर एम-सीलचे थर, एकावर एक, निरनिराळ्या वर्षांचे. सगळ्यात खालचा दगडासारखा. तळाचा पत्रा उचलल्यावर स्लॅब दिसला. भोकाच्या खाली सळई उघडी, फुगलेली. काकूंच्या स्वयंपाकघराचं छत ते हेच.

ठेकेदारानं मोबाइलवर फोटो काढले आणि सेक्रेटरींना पाठवले. “नवी टाकी उद्या बसवू नका. आधी हे गवंड्याला दाखवा. आणि प्लॅस्टिकच्या टाकीला खाली अख्खा सपाट ओटा लागतो, असे तीन तुकडे चालत नाहीत. तळ फाटतो.” हे सांगायचं त्याचं काम नव्हतं. गवंडी त्याचा नव्हता, नवी टाकीही त्याच्याकडून नव्हती.

संध्याकाळी ५.२०

छोट्या हत्तीत माल भरला. पत्रे उभे, अँगल आडवे, वर दोर. मावशीनं वाळू भरून परत पोत्यात घातली, गच्ची झाडली. चायना मोझॅकवर दोन काळे डाग राहिले, तेवढेच. सोलरवरची पोती काढली, काच पुसून दिली. सिलिंडर उतरवले. रिकामा सिलिंडर भरलेल्यापेक्षा फार हलका लागत नाही, लोखंडाचंच वजन जास्त.

पावणेसहाला ठेकेदार मावशीला म्हणाला, “जा तू. हजेरी रात्री तुझ्या मालकाजवळ देतो.” ती म्हणाली, “मला मोकळे करा. हातात द्या.” त्यानं सहाशे काढले.

“शेठ, खेपा मोजल्या का? यांच्याइतक्याच झाल्या माझ्या.”

“नाक्याचा भाव नाक्याचा असतो, बाई.”

ती हलली नाही. त्यानं आणखी शंभर दिले. तिनं पदराच्या गाठीत बांधले आणि वारज्याच्या बसला निघाली.

तिला नऊशे मिळायला हवे होते. पत्रा बाईच्या डोक्यावर हलका होत नाही. हे मी ठेकेदाराला तिथंच म्हणालो. तो म्हणाला, “मी नऊशे दिले तर उद्या नाक्यावर मला कोण उभं करणार? दुसरे ठेकेदार भांडतील.” हे कारण मला पटलं नाही. पण चांगला माणूस असूनही त्यानं ते मनापासून दिलं, हे नोंदवतो.

संध्याकाळी ६.१०

धर्मकाटा. सकाळी टेम्पो रिकामा असताना एकदा वजन करून चिठ्ठी घेतली होती, ९२० किलो. आता भरलेला, १,४५०. माल ५३० किलो. दोन्ही वेळचे मिळून शंभर रुपये. भंगारवाल्याच्या काट्यावर फुकट होतं, पण ठेकेदार तिथं मोजत नाही.

भंगारवाल्यानं पत्रे उलटसुलट करून पाहिले. “गंज लई आहे. दहा किलो सोडा.” सोडले. ५२०. भाव सकाळी फोनवर एकोणतीस सांगितला होता. आता अठ्ठावीस. “बाजार उतरला.” ठेकेदारानं वाद घातला नाही. एक रुपया म्हणजे ५२० रुपये, म्हणजे पाच जणांचा दिवसभराचा चहा, पोहे, जेवण आणि गूळ.

१४,५६० रुपये हातात आले. नोटा त्यानं दोनदा मोजल्या.

संध्याकाळी ७.१५

टपरीवर वही उघडली. कटरवाला १,८००. मामा ९००, परभणीवाला ९००, मावशी ७००. दोन ऑक्सिजन ९००. गॅस जळाला त्याचे ३००. टेम्पो १,४००. खाणंपिणं ५२०. दोर, हातमोजे, हॅक्सॉची पाती २५०. काटा १००. बेरीज ७,७७०. उरले ६,७९०.

यात त्याच्या आधीच्या दोन फेऱ्या आल्या, फोन आले, पेट्रोल आलं, आणि सिलिंडर जिन्यात निसटला असता तर काय याची दिवसभराची काळजी आली. उद्या काम नाही. परवा धायरीला एक टाकी बघायला जायचंय. मामा पैसे खिशात घालून चालत गेले. परभणीवाल्यानं विचारलं, “धायरीला न्याल का?” ठेकेदारानं त्याचा नंबर वहीत लिहून घेतला. मावशीचाही घे म्हणालो. घेतला.

रात्री काकांच्या मुलाचा निरोप आला. तिकडंही भंगार ठेकेदारच नेतो, वर मजुरी वेगळी घेतो.

शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबानं येईल, असं महापालिकेनं कळवलंच होतं. तसंच आलं. तात्पुरत्या टाकीवर चार दिवस काढले, तोवर गवंड्यानं सळई साफ करून स्लॅब दुरुस्त केला.

तुमच्या गच्चीवर अशी टाकी असेल तर ठेकेदाराला भाव विचारायच्या आधी टेप घेऊन तिचं माप काढा आणि वजन काढा. माल खाली कसा आणणार ते विचारा. धर्मकाट्याची चिठ्ठी मागा. आणि वर चढणाऱ्या बाईला किती, गड्याला किती, हे त्याच बैठकीत विचारून दोन्ही आकडे ठरावात लिहून घ्या.